ग्रुपबरोबर चीन बघायला निघालात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चीनला दोनदा गेले. पहिल्यांदा नुसती प्रवासी म्हणून, कुणाच्या तरी झेंड्यामागे चालत. दुसऱ्यांदा आमच्या सकाळच्या चालायच्या मंडळातले सव्वीस जण घेऊन. दोन्ही वेळा बीजिंग, शीआन, शांघाय हाच मार्ग. परत आल्यापासून फोन थांबत नाहीत आणि प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकते. ट्रॅव्हल कंपनीच्या पत्रकात जे छापलेलं असतं ते इथे पुन्हा देत नाही.

ग्रुपनेच जावं का? आपलं आपण जमत नाही?

जमतं. माझी भाची नवऱ्याबरोबर जाऊन आली आणि आमच्या निम्म्या खर्चात. पण तिकडे बहुतेक मोठ्या ठिकाणांची तिकिटं आधी, पासपोर्टच्या नावाने आणि मर्यादित संख्येने निघतात. बुकिंगची ॲप्स बरीचशी चिनी. गुगल मॅप चीनमध्ये भरवशाचा नाही. चाळिशीच्या आतल्या माणसाला यात गंमत वाटते, पासष्टीच्या माणसाला रात्री झोप लागत नाही. त्यामुळे आई-वडील बरोबर असतील तर ग्रुप बरा. फक्त दिवसा ग्रुपचं ऐकायचं आणि पहाट-रात्र स्वतःसाठी ठेवायची. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

किती दिवस लागतात?

तीन शहरांना आठ ते नऊ रात्री. त्याच दिवसांत ग्वीलिन आणि झांगज्याज्येही बसवलेलं पत्रक हातात आलं तर ते खाली ठेवा. तुमचे निम्मे दिवस विमानतळावर जातील. ग्वीलिनची ली नदी सुंदर आहे यात वाद नाही. वीस युआनच्या नोटेवर तिथलेच डोंगर आहेत आणि होडीतला प्रत्येक जण ती नोट समोर धरून फोटो काढतो. पण ते दुसऱ्या खेपेला.

कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. त्यातही १ ते ७ ऑक्टोबर आणि मेचा पहिला आठवडा टाळा. ते त्यांचे सुट्ट्यांचे आठवडे असतात आणि अख्खा देश घराबाहेर पडतो. आषाढीच्या आदल्या दिवशीचं पंढरपूर आठवा, झालं. चिनी नववर्षाचंही तेच. आपली दिवाळीची सुट्टी मात्र छान जुळते, बीजिंगमध्ये थंडी असते पण झाडं पिवळीधमक. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा, पाऊस आणि त्यांच्या शाळांची सुट्टी, तिन्ही एकदम.

व्हिसाचं काय?

भारतीयांना व्हिसा लागतो. ग्रुप व्हिसा आणि वैयक्तिक व्हिसा यातला फरक कंपनीला आधीच विचारून घ्या. ग्रुप व्हिसा म्हणजे एक यादी असते. यादीतल्यांनी एकत्र शिरायचं आणि एकत्रच निघायचं. मुलाला भेटायला मध्येच सिंगापूरला सटकायचा बेत असेल तर वैयक्तिक व्हिसाच हवा.

हाँगकाँगचा व्हिसा-हिशेब वेगळा आहे. चीनमधून हाँगकाँगला जाऊन परत चीनमध्ये येणार असाल तर दोन प्रवेशांचा व्हिसा लागतो, आणि हाँगकाँग शहरात उतरायला भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. आमच्या एका काकांनी हे ‘बघू नंतर’वर टाकलं होतं. बाकीचे हाँगकाँगचा बेत ठरवत होते तेव्हा काका मुंबईच्या विमानाची तारीख बदलून घेत होते.

पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवू का?

नाही! युरोपात फिरून आलेले हमखास हीच चूक करतात. चीनमध्ये मूळ पासपोर्ट हेच तुमचं तिकीट असतं. राजवाड्याच्या दारावर तोच दाखवायचा, रेल्वे स्टेशनात शिरताना तोच. फोटोकॉपी किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. गळ्यातली किंवा कंबरेची पिशवी घ्या आणि रोज सकाळी बसमध्ये ‘पासपोर्ट वर करा’ अशी कवायत करा. मी करून घ्यायचे. दोन दिवस लोक हसले, तिसऱ्या दिवशी एका वहिनींचा पासपोर्ट उशीखालून निघाला.

बीजिंगचा राजवाडा खरंच सोमवारी बंद असतो?

हो, मोठी सुट्टी नसेल तर. पहिल्या सहलीत आमच्या कंपनीने तो चक्क सोमवारी टाकला होता. लाल भिंत आणि खंदक बाहेरून बघून आम्ही बसमध्ये बसलो. पत्रक हातात आलं की कॅलेंडर काढून वार तपासा, एवढं तरी आपल्या हातात आहे.

राजवाडा म्हणजे निषिद्ध नगरी. १४२० मध्ये बांधून पुरी झाली आणि मिंग-छिंग घराण्यांचे २४ सम्राट इथे राहिले. शिरायचं दक्षिणेच्या दाराने, बाहेर पडायचं उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या. सरळ रेषेत अंतर एक किलोमीटरसुद्धा नाही, पण आडवंतिडवं फिरून चार-पाच किलोमीटर होतात. सगळी दगडी फरसबंदी, सावली नावाला. समोरच्या थ्येनआनमन चौकाचंही आगाऊ बुकिंग लागतं आणि तिथली तपासणीची रांग दमवते.

गाइड लोकांना मधल्या तीन मोठ्या दालनांतून सरळ उत्तरेला हाकत नेतो. ती दालनं बाहेरूनच बघायची असतात. सिंहासन बघायला शंभर माणसांच्या खांद्यांवरून मान काढायची. माझं मत विचाराल तर पूर्वेकडच्या छोट्या चौकांत वळा, गर्दी एकदम विरते. उत्तरेच्या दारातून बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे जिंगशान टेकडी आहे. दहा-पंधरा मिनिटांची चढण. वरून सगळ्या राजवाड्याची पिवळी कौलं एका नजरेत दिसतात. आमच्या कार्यक्रमात ती नव्हती. गाइडला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं तर तो बस त्या अंगाला बोलावतो.

चीनच्या भिंतीवर चढणं झेपेल का? गुडघे दुखतात.

कोणत्या भागात नेतात त्यावर आहे. भिंत एक सलग नाही. वेगवेगळ्या काळात बांधलेल्या सगळ्या तुकड्यांची मोजणी २१,००० किलोमीटरच्या वर जाते आणि आपण बघतो तो मिंग काळातला एखादा दीड-दोन किलोमीटर. बीजिंगहून ग्रुप सहसा बादालिंगला किंवा मुतियान्यूला नेतात. बादालिंग प्रसिद्ध म्हणून गर्दीचं. पर्याय मिळाला तर मुतियान्यू मागा. झाडी जास्त, माणसं कमी, वर जायला रोपवेचे पाळणे.

मुतियान्यूला पाळण्याच्या दोन वेगळ्या सोयी आहेत आणि तिकिटं एकमेकांना चालत नाहीत. बंद डब्याचा पाळणा चौदाव्या बुरुजापाशी सोडतो. उघड्या खुर्च्यांचा सहाव्या बुरुजापाशी, आणि तिथूनच उतारावर घसरगाडी आहे. आमचे दोघं उत्साही गडी चौदाव्यावरून चालत सहाव्यापर्यंत गेले. तिथे कळलं की परतीचं तिकीट इथे चालणार नाही. परत तेवढंच चालून, पायऱ्या चढून आले. खाली पंचवीस माणसं बसमध्ये तासभर भुकेली. एकाने तर ‘रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरने बांधली असती तर तिकीटघर एकच ठेवलं असतं’ असंही म्हणून घेतलं.

गुडघ्यांचं म्हणाल तर चौदाव्या बुरुजाशी उतरून आजूबाजूच्या दोन बुरुजांत रमायचं. पायऱ्या एकसारख्या नाहीत, एक वीतभर तर पुढची मांडीपर्यंत. रायगड चढलेल्या माणसाला फार वाटणार नाही, पण उतरताना हात मोकळे हवेत. छत्री-पर्स पाठीवरच्या पिशवीत टाका. घसरगाडीला वयाची अट असते, नातवंडांसमोर फजिती नको.

शीआनला फक्त मातीच्या सैनिकांसाठी जायचं?

तेवढ्यासाठीही जावं. १९७४ मध्ये शेतकरी विहीर खणत होते आणि मातीचं डोकं वर आलं. सम्राट छिन श्र ह्वांग इसवी सनापूर्वी २१० मध्ये वारला, त्याच्या थडग्याची राखण करणारं हे सैन्य. शहरापासून बसने तासभर. पहिल्या खड्ड्यात शिरलं की समोर छपराखाली ओळीच्या ओळी उभ्या. ग्रुप कठड्याशी दोन मिनिटं ढकलाढकली करतो आणि पुढे सरकतो. तुम्ही सरकू नका. बाजूच्या गॅलरीने शेवटपर्यंत जा. तिथे फुटके सैनिक जोडायचं काम चाललेलं दिसतं. एकाचं धड फोमच्या पट्ट्यांनी बांधून उभं केलेलं होतं आणि शेजारी ट्रेमध्ये हाताची बोटं. मला त्या रांगांपेक्षा ती बोटं जास्त लक्षात आहेत.

थडग्याजवळ सापडलेले काशाचे रथ आता खड्ड्यांच्या आवारात नाहीत. थडग्याच्या बाजूला वेगळं दालन केलंय आणि त्याच तिकिटात तिथे जायची बस मिळते. घाईतला गाइड हे गाळतो. विचारा.

शहराची तटबंदी १३.७ किलोमीटरची, वर सायकल भाड्याने मिळते. आमच्यातल्या चौघींनी पंचवीस-तीस वर्षांनी सायकल चालवली. पूर्ण फेरी एकीनेच.

आपला, म्हणजे मराठी माणसाचा, तिथे काही संबंध लागतो का?

लागतो, आणि तो गाइड सांगत नाही.

शीआनमध्ये मोठा हंस पॅगोडा आहे. ६५२ मध्ये बांधला, तो ह्युएन त्संगने भारतातून आणलेल्या पोथ्या ठेवायला. शाळेतल्या इतिहासात ज्याचं नाव पाठ केलं तोच हा. तो महाराष्ट्रात येऊन गेला होता, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यायचा तर आधी कळवून घेतात, असं त्याने लिहून ठेवलंय. पॅगोड्यासमोरच्या चौकात त्याचा पुतळा आहे. मी ग्रुपला तिथे उभं करून हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच कुणी फोटोची घाई केली नाही. मग एक काका म्हणाले, ‘आमच्या सोसायटीच्या मीटिंगला आला होता वाटतं.’

दुसरा संबंध रेल्वेच्या खिडकीतला. बीजिंगहून शीआनला जाताना श्रज्याच्वांग लागतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक तिथल्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत आहे. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. चिनी त्यांना ‘के दीह्वा’ म्हणतात. तुमचा ग्रुप स्वतःचा कार्यक्रम स्वतः आखत असेल तर श्रज्याच्वांगला अर्धा दिवस उतराच. आम्हाला जमलं नाही. गाडी तिथे थांबली तेवढ्यात आमच्या सोलापूरच्या मावशी उठून दारापर्यंत गेल्या, हात जोडले आणि परत येऊन बसल्या.

रेल्वे की विमान?

रेल्वे. बीजिंग ते शांघाय १,३१८ किलोमीटर, वेगवान गाडीने साडेचार तासांच्या आसपास. स्टेशनं विमानतळाएवढी, सामानाची तपासणी दारातच. लिंबू कापायला घेतलेली एका काकूंची सुरी तिथेच राहिली. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फलाटाचं फाटक बंद होतं आणि मग विनवण्या चालत नाहीत. बॅग स्वतःला उचलता येईल एवढीच घ्या, हमाल शोधत बसू नका.

मध्ये एखादं देशांतर्गत विमान असेल तर पॉवर बँक जपून. जून २०२५ पासून चीनच्या अंतर्गत विमानांत तिथला ‘३सी’ हा सुरक्षेचा शिक्का नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत. आपल्याकडच्या पॉवर बँकेवर तो सहसा नसतो.

शाकाहारी माणसाने काय खायचं?

ग्रुपमध्ये रात्रीचं जेवण भारतीय असतंच, म्हणजे पंजाबी. पाचव्या दिवशी पनीर बघून अंगावर काटा येतो. दुपारी चिनी जेवा. फिरत्या काचेच्या गोल टेबलावर दहा-बारा पदार्थ येतात. तिखट-आंबट बटाट्याचा कीस, लसणीतली पालेभाजी, वांगी, टोफू. आपल्या गाडीवरच्या ‘चायनीज’शी याचा काडीचा संबंध नाही. मंचुरियन मागू नका.

अडचण डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींची. भाजी शाकाहारी दिसते पण तेल डुकराच्या चरबीचं किंवा सॉस कालवांचा असू शकतो. ‘वो छ्र सू’ म्हणजे मी शाकाहारी, पण तेवढ्यावर विसंबू नका. मांस नको, मासे नकोत, चरबी नको, कालवांचा सॉस नको, असं चिनी लिपीत लिहिलेलं कार्ड गाइडकडून करून घ्या. बौद्ध शाकाहारी उपाहारगृहं बहुतेक मोठ्या शहरांत आहेत आणि तिथे कांदा-लसूणही वापरत नाहीत. आमच्यातल्या जैन कुटुंबाचे तेच हाल वाचवणारे झाले, बटाटा तेवढा बाजूला काढून.

घरून नेताना कोरडं न्या: चकली, चिवडा, बाकरवडी, मेथीचे खाकरे, उपम्याचं तयार पीठ. ताजी फळं, भाज्या, दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, तेव्हा पेढे घरीच. गरम पाण्याची ददात नाही. चिनी माणूस उन्हाळ्यातही गरम पाणी पितो, त्यामुळे गाडीत, स्टेशनात, खोलीत सगळीकडे उकळतं पाणी मिळतं. नळाचं मात्र पिऊ नका.

पैसे कसे न्यायचे?

तिकडे भुट्टेवालीसुद्धा क्यूआर कोड दाखवते. आपलं यूपीआय विसरा. अलीपे हे तिथलं पैसे द्यायचं ॲप भारतातच डाउनलोड करा, पासपोर्टने ओळख पटवा आणि आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. हे घरीच करायचं, कारण ओटीपी आपल्या सिमवर येतो. बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर सुरू करायला विसरू नका. २०० युआनपर्यंतच्या बिलाला जादा आकार नाही, त्यापुढे ३ टक्के. सोबत हजार-दीड हजार युआन रोख असू द्या, त्यात सुट्टे दहा-वीसचे. एक युआन म्हणजे साधारण बारा-तेरा रुपये.

व्हॉट्सॲप चालतं का?

हॉटेलच्या वायफायवर नाही. गुगल, यूट्यूब, फेसबुक, काहीच नाही. पण भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर त्यावर चालतं. आमच्या ग्रुपमध्ये निम्म्यांनी रोमिंग वाचवलं आणि ‘बस ८.३० ऐवजी ८ ला’ हा निरोप त्यांना मुंबईत उतरल्यावर मिळाला. निदान प्रत्येक खोलीत एकाकडे तरी रोमिंग हवं.

ते रेशीम, मोती, जेडच्या दुकानांत नेतात म्हणे?

नेतात. शिवाय चहाचं प्रात्यक्षिक आणि नाडी बघणारे ‘डॉक्टर’. २०१३ पासून चीनच्या कायद्याने जबरदस्तीच्या खरेदीला बंदी आहे, पण चहा पाजून दोन तास बसवून ठेवणं ही जबरदस्ती नसते, नाही का. बुकिंगच्या वेळीच दुकानं किती ते लिहून घ्या. रेशमी गादीचे कोष ताणून दाखवतात ते मात्र बघण्यासारखं आहे. चौघींनी चारही कोपरे धरून एवढासा कोष पलंगाएवढा ओढला. डॉक्टरांकडे ज्यांची नाडी बघितली त्या सगळ्यांचं यकृत अशक्त निघालं.

रस्त्यावर गोड इंग्रजीत ‘आमच्याबरोबर चहा प्या’ म्हणणाऱ्या तरुण पोरींपासून लांब. बिल हजारांत येतं. बाजारात घासाघीस कॅल्क्युलेटरवर होते, निम्म्याच्याही खालून सुरुवात करा. ‘बू याव’ म्हणजे नको. हे एवढं एकच चिनी पाठ केलंत तरी पुरे.

स्वच्छतागृहं?

बरीचशी भारतीय पद्धतीची, म्हणजे आपल्याला सवयीची. कागद बरोबर ठेवा. गुडघेवाल्यांनी हॉटेलात आणि मोठ्या मॉलमध्ये उरकून घ्यावं.

कुणी हरवलं तर?

हरवतंच. हॉटेलचं चिनी लिपीतलं कार्ड प्रत्येकाच्या खिशात हवं, ते टॅक्सीवाल्याला दाखवलं की काम झालं. नियम एकच: हरवलात की जिथे आहात तिथेच उभे राहा. शोधायला निघालेली दोन माणसं एकमेकांना कधी सापडत नाहीत. पोलीस ११०, रुग्णवाहिका १२०.

शांघायमध्ये काय चुकवू नये?

रात्रीचा ‘बंड’, म्हणजे नदीकाठचा रस्ता. नदीच्या या काठाला जुन्या दगडी बँका, पलीकडे ६३२ मीटरचा शांघाय टॉवर आणि दिव्यांची उधळण. दहाच्या सुमारास दिवे मालवतात, म्हणून जेवण आधी उरका. महागडी क्रूझ नको असेल तर नदी ओलांडणारी साधी होडी दोन युआनांत तेच दाखवते, फक्त लवकर संपते.

ग्रुप सोडून थोडं स्वतःचं फिरलं तर चालतं का?

चालतं. रात्री दहा वाजता बायकांनी फिरायला तिथे भीती वाटत नाही, हा माझा अनुभव. गाइडला सांगून, कार्ड खिशात घालून निघायचं.

पण मी पहाट सुचवेन. बीजिंगचं स्वर्गमंदिर ग्रुपला दुपारी दाखवतात, तेव्हा तिथे आपल्यासारखेच ग्रुप असतात. त्याची बाग सकाळी सहाच्या सुमारास उघडते. आम्ही पाच जणी टॅक्सीने गेलो. आजी-आजोबांचे जथेच्या जथे: कुणी ताय-ची करतंय, कुणी स्पीकर लावून जोडीने नाचतंय, चार आजोबा पिसांचं फूल पायाने उडवत गोल उभे. लांब ओसरीवर पत्त्यांचे डाव. आमच्यातल्या एकीला त्यांनी हाताला धरून नाचात ओढलं आणि ती, जी भिंतीवर गुडघे धरून बसली होती, ती दोन गाणी नाचली.

एका आजोबांच्या हातात काठीएवढा ब्रश होता आणि बाजूला पाण्याची बादली. फरशीवर पाण्याने मोठाली अक्षरं काढत होते. कुठून आलात, असं खुणेने विचारलं. मी ‘यिन्दू’ म्हटलं. त्यांनी माझ्या पायांशी दोन अक्षरं काढली आणि ब्रश माझ्याकडे दिला. मी खाली ‘भारत’ लिहिलं. ते मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिले, मग रेघेवर बोट ठेवून ‘हे आधी का नंतर?’ असं हाताने विचारलं. मी दाखवलं, शेवटी. तोवर त्यांची अक्षरं वाळली होती. आठला पाच कमी असताना आम्ही बसमध्ये चढलो. न्याहारी हुकली, चिवडा होता.